अपेक्षित माणूस

सातबारा शोधायला प्लास्टिकची पिशवी उपडी केली, तर आधी फुंकायच्या टेस्टचे दोन रिपोर्ट हाती लागले. एक बिडी सोडली तेव्हाचा, दुसरा त्यानंतर वर्षाने काढलेला. दुपारची वेळ, लाईन गेलेली, बांध्यांत कुणी दिसत नव्हतं. तलाठ्याकडे जायचं राहिलंच.

पहिल्या रिपोर्टात एफईव्ही-वन २.२० लिटर. म्हणजे छाती भरून घेतलेला श्वास जोर लावून सोडला की पहिल्या सेकंदात एवढी हवा बाहेर पडते. दुसऱ्या रिपोर्टातही २.२०. पण शेजारच्या रकान्यात आधी ७६ टक्के होते, आता ७७. लिटर तेवढेच आणि टक्का वाढलेला!

याचं उत्तर त्याच ओळीत आहे, ‘प्रेडिक्टेड’ म्हणजे ‘अपेक्षित’ नावाच्या रकान्यात. तिथे एक माणूस बसलेला असतो. माझ्याच वयाचा, माझ्याच उंचीचा, फक्त बिडीला हात न लावलेला आणि दम्याबिम्याची कटकट नसलेला. माझा टक्का त्याच्याच लिटरांवर काढतात. त्याचे आधी २.९० लिटर होते, वर्षात २.८७ झाले. तिशी-पस्तिशी ओलांडली की धडधाकट फुफ्फुसही वर्षाला पंचवीस-तीस मिलिलिटरनं उतरतं. मी होतो तिथंच राहिलो आणि तो गडी म्हातारा झाला, म्हणून माझा टक्का वाढला. तसं माझं तिथंच राहणंही फार मनावर घेण्यासारखं नाही. एकाच बैठकीतल्या दोन चांगल्या फुंकांमध्ये १५० मिलिलिटरपर्यंत फरक चालवून घेतात, तिथं तीसाची काय कथा!

टेस्ट तशी दिलदार. निदान तीनदा फुंकायचं आणि त्यातली सगळ्यात चांगली फुंक धरायची. अशी परीक्षा आमच्या शाळेत असती तर मी गणितात सुटलो असतो. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर ती टेस्ट घेणारी पोरगी, "काका, फुका! फुका, फुका, अजून, अजून, सोडू नका!" शंकरपटात बैल पळतात त्या दाणीवरही एवढा गलका मी ऐकलेला नाही. मग औषधाचा पंप ओढायला देतात, पंधरा मिनिटं बाकड्यावर बसवतात आणि पुन्हा तेच. एवढं करून माझं गुणोत्तर, म्हणजे पूर्ण फुंकेतल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात निघालेला वाटा, ०.६९. पंपानंतरही ०.७० च्या खाली राहिलं म्हणजे छातीतल्या श्वासनळ्या आखडल्यात आणि त्या पूर्ण उघडणार नाहीत.

त्या अपेक्षित माणसाचा मला राग येतो. तो राहतो कुठं? १८४६ साली लंडनच्या जॉन हचिन्सननं पाण्यावर तरंगणाऱ्या भांड्याचं यंत्र करून दोन हजारांवर लोकांना फुंकायला लावलं होतं. खलाशी, पोलीस, पैलवान, भिकारी, सगळे. उंची वाढली की छातीतली हवा वाढते, हे त्यानं तेव्हाच मांडलं. आता तर हजारो निरोगी लोकांच्या फुंकांवरून हा माणूस बनवतात. पण माझ्या वयाचा, आयुष्यात तंबाखूला न शिवलेला माणूस आमच्या भंडाऱ्याकडच्या गावात एक तरी दाखवा. बिडी नाही तर खर्रा. मी बिडी सोडली तेव्हा मित्रांनी मोठ्या मायेनं खर्रा पुढे केला, "घे ना भाऊ, याचा काही धूर नाही निंगत." खरंच आहे, फुंकायच्या मशीनला खर्रा कळत नाही. तोंडाला कळतो.

सोडल्यावर आधी खोकला वाढला. बिडीनं निजवलेली श्वासनळीतली बारीक केसं पुन्हा कामाला लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. चावडीवर मात्र निदान झालं की याला बिडी सोडणं बाधलं.

गेलेले लिटर परत येत नाहीत. १९७७ मध्ये फ्लेचर आणि पेटो या दोघांनी लंडनच्या कामकरी पुरुषांची आठ वर्षांची मोजमापं मांडून हेच सांगितलं: ज्यांना धूर बाधतो त्यांची घट भराभर होते. सोडली की गमावलेलं भरून येत नाही, पण पुढची घसरण न ओढणाऱ्याच्या चालीवर येते. म्हणजे यापुढे मी आणि तो अपेक्षित गडी एकाच चालीनं म्हातारे होणार. अंतर तेवढंच राहील. राहू दे.

बिडी मी विकत घेण्याच्या कितीतरी आधी पाहिली ती आईच्या मांडीवरच्या सुपात. सपरीत बसून ती बिड्या वळायची. भिजवलेला तेंदूचा पत्ता, त्यावर लोखंडी फर्मा, कैचीची एक फेरी, चिमूटभर जर्दा, आणि बोटांत पत्ता फिरला की बिडी तयार. तोंड दुमडायचं काम माझं, धागा बांधायचं बहिणीचं. जर्द्याच्या धुळीनं आम्ही शिंकायचो. आई शिंकायची नाही, फक्त खोकायची. ठेकेदार हजार बिड्यांमागे मजुरी द्यायचा आणि मोजताना मूठ-दोन मूठ बिड्या छाट म्हणून बाजूला सारायचा. छाटचे पैसे नाहीत आणि बिड्याही परत नाहीत. दिवसभर हे, सांजच्याला चूल. पाणी तापवायला तिला अजूनही चूलच लागते.

आता तिला आंगणातून विहिरीपर्यंत जाताना मधे थांबावं लागतं. वय झालं, असं आम्ही सगळे म्हणतो. पण चुलीच्या धुरानंही याच नळ्या आखडतात, आणि तिच्या वयाची, तिच्या उंचीची एक अपेक्षित बाईही त्या मशीनमध्ये असणारच. म्हणून परवा तिला म्हटलं, "माय, तुयीबी फुकायची टेस्ट करू."

"मले काहून? म्या का बिडी पेली?"

"चुलीच्या धुरानंबी होते म्हणते डॉक्टर."

"किती पैसे घेते?"

सांगितले.

"एवढ्यात तं युरियाच्या दोन चुंगड्या येते."

धान कापणं झाल्यावर पाहू, असं ठरलंय.