सगळेच शेर्पा

थंडी पडायला लागली की ऑनलाइन दुकानांत 'शेर्पा' नावाचा माल यायला लागतो. शेर्पा ब्लँकेट, शेर्पा जॅकेट, शेर्पाचं अस्तर लावलेली लहान मुलांची टोपडी. दिसायला मेंढीची लोकर आणि लेबल वाचलं तर बहुतेक वेळा निव्वळ पॉलिएस्टर. हात फिरवला की कुरळंकुरळं, उबदार लागतं आणि चार धुण्यांनंतर त्याच्या गुठळ्या होतात. एका जमातीचं नाव कापडाच्या ताग्यावर जाऊन बसावं, याला मान म्हणायचं की आणखी काही, माझं अजून ठरलेलं नाही. तिकडे मोठ्या लोकांतही हा शब्द चालतो. जी-20 परिषदेची आधीपासून बोलणी करून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला शेर्पाच म्हणतात. 2023 साली परिषद दिल्लीत भरली तेव्हा भारताचे शेर्पा अमिताभ कांत होते. परिषद 'शिखर' म्हटली की शेर्पा आलाच!

प्रत्यक्षात ज्यांचं हे आडनाव, ती माणसं मोजकी आहेत. नेपाळच्या 2011 च्या जनगणनेत शेर्पा भरले सुमारे 1 लाख 13 हजार, आणि देशाची लोकसंख्या होती 2 कोटी 65 लाखांच्या घरात. म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. थापा, श्रेष्ठ, गुरुंग, तामांग यांच्यापुढे शेर्पा म्हणजे किस झाड की पत्ती. पण नेपाळबाहेर कुणालाही एक नेपाळी आडनाव सांगायला सांगा, हेच पुढे येईल.

अर्थ अगदी साधा. 'शर' म्हणजे पूर्व आणि 'पा' म्हणजे तिथला माणूस. तिबेटच्या पूर्वेला खाम नावाचा मुलूख आहे. तिथून पाचेकशे वर्षांपूर्वी ही मंडळी निघाली, हिमालयाच्या खिंडी ओलांडून एव्हरेस्टच्या दक्षिणेला उतरली आणि खुंबू, सोलू या भागांत शेती आणि याक घेऊन राहिली. आपला 'कर' तसा त्यांचा 'पा'. साताऱ्यात राहणाऱ्याला साताऱ्यात कुणी सातारकर म्हणत नाही. तो पुण्याला आला, मुंबईला गेला की मग होतो सातारकर. यांचंही तेच झालं. मुलूख सुटला आणि 'पूर्वेकडचे' हे नाव चिकटलं. फरक एवढाच की आपण गावाचं नाव लावतो, यांनी अख्खी दिशाच लावली. आपल्या हिशेबाने त्यांच्यात आज थामेकर, नामचेकर, खुमजुंगकर अशी आडनावं निघायला हवी होती. थामे हे चिमुकलं गाव. तेनसिंगचं लहानपण तिथे गेलं, एव्हरेस्टवर 21 वेळा गेलेला आपा शेर्पा तिथला, आणि 2025 च्या मे महिन्यात 31व्यांदा एव्हरेस्टवर पोचलेला कामी रिताही तिथलाच. थामेकरांनी थोडी कॉलर ताठ केली असती तर कुणाची ना नव्हती.

पण आडनाव ही चीज त्यांच्या रोजच्या वापरात मुळी नव्हतीच. माणसाला नाव असायचं, आणि ते बरेचदा जन्मवाराचं. रविवारचा नीमा, सोमवारचा दावा, मंगळवारचा मिंग्मा, बुधवारचा ल्हाक्पा, गुरुवारचा फुर्बा, शुक्रवारचा पासांग, शनिवारचा पेम्बा. मुलगा असो की मुलगी, वार तोच. नाव शोधायला पुस्तक नको, आत्या नको, कॅलेंडर पाहिलं की झालं. गावात हे खपून जातं, कारण तिथे कुठला पासांग कुणाच्या घरचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. पंचाईत झाली ती इंग्रज साहेबांची. एकोणिसाव्या शतकापासूनच शेर्पा कामासाठी दार्जिलिंगला येऊ लागले होते, विसाव्या शतकात ते मोहिमांवर जाऊ लागले. 1928 मध्ये गिर्यारोहकांचा हिमालयन क्लब निघाला. त्याने या हमालांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, प्रत्येकाला एक वही आणि एक नंबर दिला. त्या वहीत दर मोहिमेनंतर साहेब शेरा लिहायचा. यादीत पासांगमागून पासांग येणार, तर नंबराशिवाय इलाजच काय! पुढे शाळा, नागरिकत्वाचा दाखला, पासपोर्ट असं एकेक येत गेलं, प्रत्येक कागदावर आडनावाचा रकाना होता, आणि त्यात जमातीचं नाव जाऊन बसलं.

गंमत म्हणजे ज्याच्यामुळे शेर्पा हा शब्द जगभर गेला, तो हे आडनाव लावत नव्हता. त्याचं पाळण्यातलं नाव नामग्याल वांगदी. रोंगबुक मठाच्या लामाने ते बदलून तेनझिंग नोर्गे ठेवलं आणि आपण त्याचं तेनसिंग केलं. 29 मे 1953 ला तो हिलरीबरोबर पहिल्यांदा एव्हरेस्टवर पोचला आणि त्यानंतर नोर्गे हेच घराण्याचं आडनाव झालं. त्याचा मुलगा जामलिंग 1996 मध्ये एव्हरेस्ट चढला तो जामलिंग तेनझिंग नोर्गे म्हणून.

आता आपल्याकडच्या कुणालाही पडेल असा प्रश्न: मुलगा शेर्पा, मुलगी शेर्पा, दोघांच्या आयाही शेर्पाच, तर सोयरीक जमवायची कशी? त्याची व्यवस्था त्यांनी केव्हाच करून ठेवली आहे. कागदावर न येणारं एक कुळ प्रत्येकाला असतं, त्याला 'रू' म्हणतात. रू म्हणजे हाड. हाड बापाकडून येतं आणि मांस आईकडून, अशी समजूत. मिन्यागपा, थिम्मी, चाकपा, सेर्वा ही जुनी कुळं. त्यांच्या पुढे शाखा फुटल्या. एका हाडात लग्न होत नाही. म्हणजे आपण जे काम आडनाव आणि देवक पाहून करतो, ते तिथे रू पाहून होतं, आणि पासपोर्टवरचं 'शेर्पा' त्यात काडीच्याही उपयोगाचं नाही. मला तर वाटतं, खरं आडनाव त्यांनी घरात ठेवलं आणि बाहेरच्यांना वापरायला एक वेगळं दिलं.

आणि बाहेरच्यांनी ते वापरलंही दाबून. आपल्याकडे कुणी एव्हरेस्ट सर करून आला की चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर आमदारांपासून गल्लीतल्या मंडळापर्यंत सगळे असतात, नसतो तो दोर बांधणारा, शिडी लावणारा, ऑक्सिजनची नळकांडी वर नेऊन ठेवणारा. बातमीत त्याच्या वाट्याला फार तर 'सोबत दोन शेर्पा' एवढं येतं. 'सोबत दोन कुलकर्णी' असं छापलेलं मी अजून वाचलेलं नाही. शिवाय ते दोघं शेर्पा असतीलच असंही नाही. हल्ली त्या कामात तामांग, राई, गुरुंग, मगर अशा दुसऱ्या जमातींचे पुष्कळ आहेत, आणि डोंगरावर त्या सगळ्यांना सरसकट 'शेर्पा' म्हणतात. 18 एप्रिल 2014 ला खुंबूच्या हिमप्रपातावर बर्फाचा कडा कोसळून 16 नेपाळी कामगार गेले. जगभर बातमी गेली ती 16 शेर्पांची. त्यांत गुरुंग आणि तामांगही होते.

के-टू हे एव्हरेस्टखालोखाल उंच शिखर. हिवाळ्यात ते चढणं 2021 पर्यंत कुणालाच जमलं नव्हतं. 16 जानेवारी 2021 ला दहा नेपाळी तिथे पोचले. माथा दहाएक मीटरवर असताना पुढचे थांबले, मागच्यांची वाट पाहिली आणि मग दहाही जण राष्ट्रगीत म्हणत एकदमच वर गेले. कुणी पहिला नाही, कुणी दहावा नाही. या दहांत नऊ शेर्पा आणि एक मगर: निर्मल पुर्जा. यादी वाचायला घेतली की वारांचा घोळ पुन्हा सुरू: मिंग्मा डेव्हिड, मिंग्मा तेन्झी, मिंग्मा ग्याल्जे, दावा तेम्बा, दावा तेन्जिन, किलू पेम्बा… तीन मंगळवार, दोन सोमवार आणि एक शनिवार एका शिखरावर. यातल्या मिंग्मा ग्याल्जेने आपल्यापुरता तोडगा काढला आहे. तो स्वतःला 'मिंग्मा जी' (ग्याल्जेचं इंग्रजी आद्याक्षर G) म्हणवतो, आणि गिर्यारोहकांत हाक मारताना त्यापुढे शेर्पा जोडायची कुणाला गरज पडत नाही.