चार सुतांचा कल

माझा पिकअप पहिल्या दिवसापासून डावीकडे झुकलेला होता. इथे अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि या गाडीत पेट्रोलची टाकीही त्याच बाजूला आहे. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला, तर डावीकडे २० इंच, उजवीकडे साडेवीस. अर्धा इंच, म्हणजे चार सूत. समोरून पाहिलं की एका खांद्यावर पोतं घेतलेल्या माणसासारखी गाडी दिसायची.

पुढचे शॉकअप तसेही थकले होते. बदलायचेच तर उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर बसवायचे आणि तेही घरासमोर, स्वतःच्या हाताने, असं ठरवलं. या गाडीला मागे पाटे आहेत. पुढे मात्र स्प्रिंगच्या पोटात शॉक, असा एकच जोड. नव्या कॉइलओव्हरच्या अंगावर आटे पाडलेले असतात आणि त्यांवर एक कॉलर फिरते. ती फिरवली की स्प्रिंगची एका टोकाची बैठक सरकते.

कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होते, असं मलाही वाटायचं. तसं होत नाही. गाडीचं वजन तेवढंच, स्प्रिंगही तीच, त्यामुळे ती तेवढीच दबते. फक्त गाडी वर उचलली जाते. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. चाकाला खाली जायला जागा कमी उरते आणि खड्ड्यात चाक सुटलं की शॉक लवकर टोकाला लागतो. म्हणून कॉलर शेवटपर्यंत फिरवत नेण्यात शहाणपण नाही.

शनिवारी सकाळी चाकं काढली. गाडी जॅकवर नाही, चेसिसखाली लावलेल्या स्टँडवर उभी केली. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. हिवाळ्यात इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते खालच्या प्रत्येक बोल्टला खातं. आदल्या रात्री सगळीकडे गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीचं झुकणं रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंकच्या एका नटाने अर्धा तास घेतला.

चाक चेसिसला वर-खाली दोन आर्मनी, म्हणजे हलत्या दांड्यांनी जोडलेलं असतं. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे टोकाचा गोल सांधा सोडवताना चिमट्यासारखा काटा घुसवला, तर रबरी टोपी फाटते. त्याऐवजी नट दोन आट्यांवर ठेवायचा आणि जॉइंट ज्यात बसतो त्या नकलला (चाक धरणाऱ्या लोखंडी भागाला) बाहेरून हातोड्याचा नेमका ठोका द्यायचा. निमुळती बैठक आपोआप सुटते. नट असल्यामुळे आर्म एकदम उसळत नाही. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर आधीच मोकळी केली होती, नाहीतर नकल लोंबकळला की सगळा ताण त्यांच्यावर येतो.

जुना जोड वरच्या तीन नटांवर आणि खालच्या एका बोल्टवर असतो. त्या तीन नटांच्या मधोमध चौथा दिसतो, त्याला हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग त्यानेच धरून ठेवलेली असते. मी पूर्ण जोडलेले कॉइलओव्हर घेतले ते यासाठीच. स्प्रिंग दाबून उघडण्याची जोखीम घरी नको होती.

बायको शेजारी बसून मॅन्युअल वाचत होती. दोन्ही बाजू बसल्या, मी हात पुसायला लागलो, तेवढ्यात ती म्हणाली, "अरे, खालचा बोल्ट हवेत असतानाच आवळलास ना?" आवळला होता. त्या टोकाला रबरी बुश आहे आणि बोल्ट आवळला की त्याची आतली नळी तिथेच पकडली जाते. चाक लोंबकळत असताना पकडली, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि महिन्यांत फाटतं. दोन्ही बोल्ट सैल केले, चाकं लावून गाडी खाली उतरवली, थोडी पुढे-मागे हलवली आणि मगच टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने आवळले. तिने वाचलं नसतं, तर मला हे कळायला रबर फाटावं लागलं असतं.

मग टेप. डावीकडे पावणेबावीस, उजवीकडे सव्वाबावीस. गाडी पावणेदोन इंच वर आली होती, पण कल तसाच, चार सूत!

शॉक खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकतो, चाक मात्र त्याच्या टोकाला. त्यामुळे कॉलर एक सूत सरकली की चाकापाशी गाडी जवळपास दोन सूत उचलली जाते. चार हवे होते, म्हणून डावी कॉलर दोनच सूत फिरवली. त्याआधी चाक पुन्हा हवेत घेतलं, आटे ब्रशने साफ केले, तेलाचे थेंब सोडले. वाळूचा एक कणही आटे खरवडतो.

रविवारी पंधरा मैल फिरवून आणल्यावर दोन्हीकडे सव्वाबावीस. याहून उंच मी नेणार नाही. पुढच्या ॲक्सलचे जॉइंट जास्त कोनात फिरायला लागतात आणि त्यांच्या रबरी टोप्या आधी जातात.

सोमवारी अलाइनमेंट करून घेतली. उंची बदलली की कॅम्बर, कॅस्टर आणि टो हे चाकांच्या बैठकीचे तिन्ही कोन हलतात, स्टीअरिंग सरळ वाटत असलं तरी. रात्री भिंतीसमोर गाडी लावून हेडलाइटचा झोत खाली घेतला, कारण नाक उचललेल्या गाडीचा प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शंभर मैल झाले की सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे आहेत. टॉर्कचे आकडे वहीत लिहून ठेवलेत.