तुम्ही विचारलंत म्हणून: ऑ-पेअरला जायचं तर जर्मन किती लागतं?

‘मुलीला वर्षभर ऑ-पेअर म्हणून जर्मनीला जायचंय. जर्मन किती लागेल, आणि कॉलेज रोडच्या क्लासचं सर्टिफिकेट चालेल का?’ हे दोन प्रश्न बहुधा जोडीनंच येतात. (ऑ-पेअर म्हणजे परदेशातल्या कुटुंबात राहून, राहण्याजेवणाच्या आणि हातखर्चाच्या बदल्यात त्यांची मुलं सांभाळणं.) पातळी ए1, म्हणजे अगदी सुरुवातीची, लागते, आणि क्लासचं सर्टिफिकेट चालत नाही. क्लासनं शिकवायचं, दाखला मात्र मान्यताप्राप्त परीक्षेचा हवा: ग्योथे, तेल्क किंवा ओएसडी या संस्थांपैकी एकीच्या.

नाशिकची मुलं बहुतेक ग्योथेची ‘स्टार्ट डॉइच 1’ देतात. त्यासाठी ग्योथेचं केंद्र, म्हणजे मॅक्सम्युलर भवन, गाठावं लागतं, मुंबईत काळा घोड्याला किंवा पुण्याला. परीक्षा सकाळची असेल तर पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका. ती मुंबईला टेकेपर्यंत अर्धी सकाळ उलटलेली असते. आदल्या दिवशीच मुक्कामाला जावं. नोंदणी करताना नाव पासपोर्टात आहे तसंच भरा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, कुणी ते लिहितं, कुणी गाळतं, आणि मग दाखला एका नावाचा नि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा होतो.

परीक्षेचे भाग चार: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकाला 15 गुण, एकूण 60. त्याचे 100 वर रूपांतर होते आणि पास व्हायला 60 लागतात. ऐकण्याचा पहिला आणि तिसरा भाग दोनदा वाजतो, मधला मात्र एकदाच. स्टेशनवरच्या, दुकानातल्या घोषणांचा हा भाग पुष्कळांना ‘अजून एकदा लागेल’ म्हणून थांबल्यामुळे जातो. वाचणं त्या मानानं सोपं. लिहिण्यात 5 गुण फॉर्म भरण्याचे आणि 10 गुण सुमारे 30 शब्दांच्या चिठ्ठीचे. चिठ्ठीसाठी तीन मुद्दे दिलेले असतात, प्रत्येकाला 3 गुण; उरलेला एक गुण ‘प्रिय अमुक’ आणि शेवटच्या नमस्काराचा. म्हणजे एक मुद्दा विसरलात की सरळ 3 गुण गेले, बाकीचं व्याकरण कितीही चोख असो. लिहून झाल्यावर तीन मुद्दे बोटावर मोजायची सवयच लावा.

बोलणं गटात होतं, जास्तीत जास्त चौघांच्या. आधी स्वतःची ओळख, त्यात नावाचं स्पेलिंग आणि एखादा नंबर सांगायला लावतात. मग कार्डावरच्या शब्दावरून प्रश्न विचारायचा, शेजाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. शेवटी चित्र पाहून विनंती करायची. इथे ‘बिटे’ (कृपया) विसरू नये. ओळख पाठ करून सगळेच येतात. अडतं ते स्पेलिंगपाशी, कारण तोंडात इंग्रजी ए-बी-सी बसलेली असते. जर्मनमध्ये ए हा ‘आ’, ई हा ‘ए’ आणि आय हा ‘ई’. आपलं आडनाव रोज मोठ्यानं सांगून पाहा.

इथे मराठी उपयोगी पडते, हे क्लासमध्ये फारसं कुणी सांगत नाही. पंचवीसमध्ये आपण आधी पाच म्हणतो आणि मग वीस. जर्मनही तसंच म्हणते. इंग्रजीतून विचार करणारा 25 आणि 52 मध्ये गोंधळतो, मराठीतून करणाऱ्याचं निभावतं. (एकोणतीसचा घोळ मात्र आपलाच, तिथे जर्मन सरळ ‘नऊ आणि वीस’ म्हणते.) झेड अक्षराचा उच्चार ‘चमचा’तल्या ‘च’सारखा. उलट क्रियापद आपल्याला फसवतं. ‘मी नाशिकला राहते’ म्हणताना ‘राहते’ शेवटी जातं, जर्मनमध्ये ते दुसऱ्या जागीच हवं: ‘इख वोने इन नाशिक’. आणि लिंगं तीन आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका: आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी, त्यांची मुलगी तर नपुंसकलिंगी.

ग्योथेच्या अंदाजानं ए1 साठी 45 मिनिटांचे 80 ते 200 तास लागतात. ‘एका महिन्यात ए1’ची पाटी दिसली तर आधी रोज किती तास, ते विचारा. घोकून पास झालेल्याची पंचाईत पुढे होते, कारण व्हिसाचा अर्ज देताना जर्मनमध्ये साधे प्रश्न विचारू शकतात: कुठल्या कुटुंबाकडे जाणार, मुलं किती, त्यांची वयं काय. करारात ज्या गोष्टी लिहिल्या आहेत त्या तरी जर्मनमध्ये सांगता यायलाच हव्यात. दिवसाला सहा आणि आठवड्याला 30 तासांपर्यंत काम, महिन्याला 280 युरो हातखर्च, भाषेच्या क्लाससाठी कुटुंबाकडून 70 युरो, ही वाक्यं आकड्यांसकट तयार ठेवा.

अर्ज करताना वय 27 च्या आत हवं, म्हणून पंचविशी उलटलेल्यांनी परीक्षेची तारीख आधी धरावी, कुटुंब शोधणं सोबत चालू ठेवावं. आणि ‘फ्रांकफुर्टला मावसबहीण आहे, तिच्याकडेच जाते’ हे जमत नाही. नातेवाइकांकडे ऑ-पेअर होता येत नाही, आणि कुटुंब मूळचं भारतातलं असेल, तर घरात जर्मन बोलत असले तरी भारतातून येणाऱ्या मुलीला त्यांच्याकडे परवानगी मिळत नाही.