हसू कुणाचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'माणूस गेल्याला तास होत नाही, तोच तुम्ही हसता कसे?' अतिदक्षता विभागात नर्स आहे म्हटलं की हा प्रश्न येतोच. कुणी कुतूहलाने विचारतं, कुणी दुखावून.

आधी तो तास बघा. हृदय थांबलं की मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची, प्रत्येक वेळी निदान ५ सेंटिमीटर खोल. दर २ मिनिटांनी दाबणारा बदलायचा, कारण दमलेला माणूस उथळ दाबू लागतो आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या हाताखाली मोडतात. तो आवाज आम्ही घरी कुणाला सांगत नाही. शेवटी डॉक्टर घड्याळ बघून वेळ सांगतात. मग नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, डोळे मिटायचे, नातेवाइकांना आत घ्यायचं. तोवर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचं इंजेक्शन लांबलेलं असतं. रडायला ड्यूटीत जागाच नसते.

पुढे कपडे बदलायच्या खोलीत कुणीतरी आठवण काढतं, की छाती दाबताना ब्रदरचा, म्हणजे आमच्यातल्या पुरुष नर्सचा, एक बूट खाटेखाली गेला आणि तो शेवटपर्यंत एकाच बुटावर उभा होता. सगळे पोट धरून हसतात. त्यात एवढं हसण्यासारखं काही नाही, हे आम्हालाही कळतं. तासभर आवळून धरलेलं काहीतरी तेवढ्यापुरतं सैल होतं. नवीन आलेली मुलगी हसता हसता रडायला लागते, तेव्हा तिला कुणी गप्प करत नाही.

मनोविश्लेषक फ्रॉइडने १९२७ साली विनोदावर एक निबंध लिहिला. त्यात सोमवारी फाशी जाणारा कैदी म्हणतो, 'आठवड्याची सुरुवात तर छान झाली!' मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: हे बोलणारा स्वतः फासाकडे चाललेला आहे. तेच वाक्य फास ओढणाऱ्याने म्हटलं असतं तर ऐकवलं नसतं.

माझे एक पेशंट होते, आजोबाच म्हणायचे मी त्यांना. शेवटच्या आठवड्यात रोज रक्त काढायला गेले की म्हणायचे, 'सिस्टर, सगळं नेऊ नका. वर विचारलं तर दाखवायला थोडं असू द्या.' मी हसायचे, त्यांना बरं वाटायचं. तो विनोद त्यांचा होता. मी स्वतः होऊन त्यांच्याशी तसं बोलले असते तर ते क्रौर्य झालं असतं.

म्हणून आम्ही आमच्या धांदलीवर हसतो, बुटावर हसतो, मध्येच बंद पडणाऱ्या औषधाच्या पंपावर हसतो. गेलेल्या माणसाच्या देहावर, त्याच्या आजारावर, त्याच्या माणसांच्या रडण्यावर हसणारेही मी पाहिलेत. ते मला कधीच पटलं नाही. थकवा हे त्याचं कारण असेल, पण त्याने ते क्षम्य होत नाही. खाटेजवळ तर हसूच नये. २०२० साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मरणासन्न, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूलहरी तपासल्या. त्यांतल्या काहींचा मेंदू आवाजांना अजूनही दाद देत होता. त्यांना अर्थ कळत होता का, ते त्यावरून सांगता येत नाही. मला आवाज पोचतो एवढंच पुरेसं आहे.

आता जे सांगायला जड जातं ते. बुटाची ती गोष्ट निघाली तेव्हा दार उघडं होतं. गेलेल्या माणसाची मुलगी वडिलांचा राहिलेला चष्मा न्यायला परत आली होती. आम्ही तिच्या वडिलांना हसत नव्हतो. पण तिला ते कसं कळावं? मी धावत बाहेर गेले. तिने माझ्या हातून चष्मा घेतला, 'थँक्यू सिस्टर' म्हणाली आणि जिन्याकडे वळली. मला खुलासा करायचा होता, पण त्या वेळी तिच्यावर माझा खुलासा लादणं बरं दिसलं नसतं.

तेव्हापासून कुणी गेलं की मी आधी खाटेशेजारचा कप्पा तपासते. चष्मा, कवळी, चपला, मोबाइलचा चार्जर, सगळं नातेवाइकांच्या हातात देते. मग त्या खोलीत जाऊन दार लावते.