ड्रॉइंगमधला काटकोन

भोसरीत माझं मशीनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. बहुतेक कामं गाड्यांच्या पार्ट्सची. मध्यंतरी एका इंजिनिअरिंग कॉलेजची दोन पोरं फ्युएल सेलसाठी, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या उपकरणासाठी, ग्रॅफाइटच्या प्लेटा करून घ्यायला आली. प्लेटभर एक मिलिमीटर रुंदीची नागमोडी खाच, तिच्यातून हायड्रोजन फिरणार. ड्रॉइंग देखणं, पण खाचेतला प्रत्येक कोपरा चक्क काटकोनात. म्हटलं, "अरे, कापणारी एंड मिल गोल फिरते. कोपऱ्यात गोलाई येणारच." तर म्हणे, "काका, सिम्युलेशन असंच केलंय." शेवटी दोघांना व्हीएमसीपुढे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनपुढे, उभं करून एक खाच मारून दाखवली. चहा संपेपर्यंत ड्रॉइंग बदललं होतं.

याच फ्युएल सेलवर पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये, मोठं काम झालंय. एनसीएल ज्या सरकारी संशोधन संस्थेची, ती सीएसआयआर आणि पुण्याची केपीआयटी ही गाड्यांचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी 2016 मध्ये एकत्र आली. मला त्यातली कामाची वाटणी आवडली. सेलचं काळीज म्हणजे मेम्ब्रेन, एक पातळ पडदा, आणि त्याच्या दोन्ही अंगांचे इलेक्ट्रोड. ते ज्ञान एनसीएल आणि कारैकुडीच्या सेक्री या प्रयोगशाळांचं. धातूच्या हलक्या प्लेटा, गॅस्केट, कंट्रोलचं सॉफ्टवेअर, गाडीतली जोडणी हे कंपनीकडे. 2020 च्या ऑक्टोबरात या सेलवर मोटार चालवून पाहिली आणि ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यात त्यावरची बस आली. सरकारी योजनेचा पैसा होताच, पण प्रस्ताव उद्योगाकडून गेलेला. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. प्लेट दाबून कशी काढायची, गॅस्केट कुठून गळेल, हे ज्याला रोज भोगावं लागतं तो पहिल्या दिवसापासून बैठकीत होता.

एरवी आपल्याकडे आधी संशोधन होतं, मग पेपर, मग पेटंट, आणि सगळ्यात शेवटी "कोणी बनवून देईल का?" सामंजस्य करारावर सह्या करतानाचे फोटो मात्र भरपूर.

एनसीएलच्याच आवारात व्हेंचर सेंटर आहे, 2007 पासून. नव्या कंपन्यांना तिथे जागा मिळते, पैसे भरून तपासण्याही करून घेता येतात. माझ्यासारख्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप थोडाच परवडणार! भोसरी-चाकणच्या किती वर्कशॉपवाल्यांना हे माहीत आहे, कोण जाणे.

माझं ग्रॅफाइटचं काम आता अडलंय ते धुळीवर. ग्रॅफाइट कोरडंच कापतात आणि त्याची काळी भुकटी मशीनचे भाग सरकतात त्या स्लाइडवेपासून इलेक्ट्रिकल पॅनेलपर्यंत सगळीकडे शिरते. प्लेटा दिल्यावर मशीन पुसण्यात जो वेळ गेला, तो कुठल्या बिलात लावू? धूळ ओढून घेणारं बंदिस्त मशीन हवं. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये त्याला पैसे नाहीत, आणि वर्षाला चार प्लेटांसाठी मीही कर्ज काढणार नाही. पोरांच्या सरांना म्हटलंय, पुढचा प्रस्ताव लिहाल तेव्हा यंत्रसामग्रीच्या रकान्याआधी मला एक फोन करा.