दिंडोरीची शेड ते खांदेरीचं पाणी : एका नव्या रिबची पारख

बोट पहिल्यांदा पाहिली ती दिंडोरीजवळच्या आमच्या द्राक्षांच्या शेडमध्ये. फेब्रुवारी, म्हणजे माल उतरवायची धांदल. एका बाजूला क्रेटची थप्पी, दुसऱ्या बाजूला ट्रेलरवर साडेसहा मीटर लांबीची, कोळशाच्या रंगाची बोट. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, तिच्याभोवती फेऱ्या मारत होते. विक्रेत्याने आठ दिवस चालवून बघायला दिली होती.

"वहिनी, दिसते कशी ते आधी सांगा."

"दिसते सुंदर. पण खरं काय ते पाण्यातून बघून सांगते, भाऊजी."

कॉलेजला मुंबईत असताना नेव्हल एनसीसीत होते, तेव्हापासून बोटीकडे बघायची ही सवय लागली. काठावरून बोटीची फक्त रेघ कळते.

पुराच्या बातम्यांत दिसतात त्या सपाट रबरी बोटी नाशिककरांच्या ओळखीच्या आहेत. ही त्यांची समुद्रावरची बहीण. खाली फायबरचा कडक, खोल व्ही आकाराचा तळ आणि कडेने हवेच्या जाड नळ्या. तिला रिब म्हणतात. १९६०च्या दशकात वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात हा प्रकार घडत गेला. तिथल्या गोट्यांच्या किनाऱ्यावर रबरी बोटींचे तळ घासून फाटायचे, म्हणून प्राचार्य डेस्मंड होर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खाली प्लायवूड चिकटवून बघितलं. पुढे होर यांनी या रचनेचे हक्क ब्रिटनच्या आरएनएलआय या जीवरक्षक संस्थेला अवघ्या १ पौंडात दिले. ही गोष्ट मला फार प्रिय आहे, आणि बोट पारखताना ती उपयोगीही पडते. ही जातच माणसांना पाण्यातून वर घेण्यासाठी वाढलेली आहे. तेव्हा तिचं रूपही त्याच कामावरून जोखायला हवं.

शेडमध्ये सगळ्यात आधी वाचली ती सुकाणूजवळची छोटी धातूची पट्टी. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत 'ऑफशोअर' आणि '१० माणसं' असं होतं. पट्टीवर दोन ओळी होत्या : बी वर्गात ६ माणसं, सी वर्गात १०. युरोपीय मानकात बी हा खुल्या समुद्राचा वर्ग, ८ बोफर्टपर्यंत (बोफर्ट म्हणजे वाऱ्याच्या जोराचं माप) वारा आणि ४ मीटरपर्यंत लाटा धरलेला. सी हा किनाऱ्यालगतचा, ६ बोफर्ट आणि २ मीटरचा. म्हणजे 'ऑफशोअर' हा शब्द खरा, १०चा आकडाही खरा, पण दोन्ही एकाच वेळी खरे नाहीत. विक्रेत्याने हे आपणहून सांगितलं नाही, याचा मला राग आहे. दहा जणांचं कुटुंब घेऊन कुणीतरी आत जाईल आणि त्याला वाटेल आपण नियमात आहोत.

दुसऱ्या दिवशी गंगापूर धरण. तिथे बोट क्लब आहे, यंत्राच्या बोटी चालतात, पण आपली बोट उतरवायची तर रीतसर परवानगी घ्या. हे शहराचं पिण्याचं पाणी आहे. पेट्रोल आम्ही शेडमध्येच भरून नेलं, धरणाकाठी कॅन उघडला नाही. सोबत दुसरी बोट उभी ठेवली आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट. धरणात पोहायच्या भरवशावर गेलेली माणसं आपण दरवर्षी गमावतो, तेव्हा यात सूट नाही.

इंजिन बंद केलं आणि मी नळीवरून पाण्यात उतरले. मला हेच बघायचं होतं.

खालून बघितली की ही बोट निराळीच दिसते. शेडमध्ये गुडघ्याच्या थोडी वर वाटणारी अर्ध्या मीटर व्यासाची नळी पाण्यातून भिंतीसारखी उभी राहते. धरायचा दोर नळीच्या वरच्या अंगाला घट्ट ताणून बसवलेला, म्हणजे दिसायला नेटका, पण ओली बोटं त्यात शिरत नाहीत. बाविशीतला भाचा दोन लाथा मारून वर गेला. मला दोनदा प्रयत्न करूनही जमलं नाही. माझं वय ४९. बोटीत बसणाऱ्यांतले निम्मे लोक माझ्यासारखेच असतात. मग मागची शिडी. ती इंजिनाच्या शेजारीच आहे, म्हणून कुणी पाण्यात असेल तर इंजिन पूर्ण बंद, नुसतं न्यूट्रल चालणार नाही. शिडी पाण्याखाली जेमतेम एक पायरी जाते, तिच्यावर पाय ठेवायला गुडघा छातीशी न्यावा लागतो. शेवटी भाऊजी आणि भाच्याने जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरून मला वर ओढलं. नळी मऊ आणि गोल, बरगड्यांना काही लागलं नाही. फायबरच्या धारदार काठावर हे इतकं सुखाने झालं नसतं. रिबचं मोठेपण इथे कळतं.

धरणावरची आणखी एक नोंद. पूर्ण थ्रॉटलला इंजिन ५,४०० फेऱ्यांवर थांबत होतं आणि प्रोपेलर बदलायची चर्चा लगेच सुरू झाली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. हवा विरळ, त्यामुळे साध्या इंजिनाची ताकद इथे पाच-सहा टक्के कमीच मिळते. नंतर समुद्रावर तेच इंजिन ५,५५०ला गेलं. धरणावरच्या आकड्यांवरून प्रोपेलर विकत घेऊ नका.

शुक्रवारी दुपारी शेडमध्ये पाचही कप्प्यांत गेजवर ०.२५ बार हवा भरली आणि रात्री दहाला निघालो. कसारा घाट, पडघा, पनवेल, पेण, वडखळ करत अलिबागजवळच्या मांडव्याच्या बाजूला. साधारण अडीचशे किलोमीटर. ट्रेलर मागे असताना घाटात दुसरा गिअर सोडला नाही. निघण्याआधी ट्रेलरची नोंदणी, दिवे आणि चाकांचं ग्रीस बघून घ्या.

पहाटे पाचला पोचलो आणि भाच्याने नळीवर अंगठा दाबला तर तो आत गेला. गेज लावलं : ०.१५. नवी बोट, आणि रात्रीतून हवा गेली! भाऊजींचा चेहरा उतरला. साबणाचं पाणी करून सगळे सांधे, सगळ्या व्हॉल्व्ह तपासल्या. बुडबुडा एकही नाही. मग प्रत्येक कप्पा वेगळा मोजला आणि उलगडा झाला. पाचही कप्पे सारखेच मऊ होते. भोक पडलं असतं तर एक कप्पा बसला असता. इथे हवा कुठेच गेली नव्हती, आम्हीच घाट उतरून खाली आलो होतो. नाशिकला बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे ०.०७ बारने कमी असतो. वर भरलेली हवा खाली आली की बाहेरचा दाब वाढतो आणि नळी तेवढी मऊ पडते. बाकीचा फरक दुपारच्या उन्हाचा आणि पहाटेच्या गारव्याचा.

हे नाशिककराने लक्षात ठेवायलाच हवं, कारण किनाऱ्यावरच्या माणसाला हा प्रश्न कधी पडत नाही. खाली पोचल्यावर पुन्हा भरा. आणि परत येताना घाट चढायच्या आधी थोडी हवा सोडा, नाहीतर तीच नळी वर येऊन ताठते आणि दुपारच्या उन्हात शिवणीवर जोर येतो. गडद रंगाची असेल तर आणखीच.

दिवस आम्ही कालनिर्णय बघून निवडला होता, वद्य अष्टमी. तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी, संध्याकाळी पुन्हा भरती. शिवाय अष्टमीला भांगाचं पाणी, उधाणासारखं फार चढत-उतरत नाही, उतारावर ट्रेलर चिखलात रुतायची भीती कमी. पौर्णिमा-अमावास्येला हाच उतार दुपारी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा असतो.

साडेसहाला बोट पाण्यात गेली. मतलई वारा संपत आला होता, पाणी तेलासारखं. काठावरच्या एका वयस्कर तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना विचारलं, तर त्यांनी थळच्या बाजूला डोलीची, म्हणजे पाण्यात एका जागी बांधून ठेवलेली जाळी कुठे लावली आहेत ते हाताने दाखवलं आणि म्हणाले, "बाहेरशी जा ताई, पंख्यात दोरी घेऊ नका." नेहमी विचारा. नकाशात जाळी नसतात.

मांडव्यापासून खांदेरीचा जलदुर्ग सुमारे ७ सागरी मैल. सकाळच्या पाण्यावर बोट २२ नॉटने, म्हणजे तासाला २२ सागरी मैलांनी निघाली आणि नळ्या पाण्याच्या वर सुटल्या, जशा सुटायला हव्यात. वेगात बोट तळावर चालते, थांबली की मागच्या नळ्या पाण्याला टेकतात आणि ती डुलायची थांबते. ही नळीची जागा या कारागिराने अचूक साधली आहे. बाजूला चाललेल्या मच्छीमार होडीतून ती किती देखणी दिसत असेल, असं सारखं मनात येत होतं. खांदेरीचा बुरूज आणि १८६७ सालचं दीपगृह जवळ आलं. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारशात गेले, त्यात आमच्या बागलाणातला साल्हेर आहे आणि ही खांदेरीही. एक सह्याद्रीच्या माथ्यावर, एक पाण्यात. किनाऱ्यावर न उतरता लांबून वळसा घातला आणि नांगर टाकला.

नांगरानेच पहिली तक्रार दाखवली. पुढचं टोक टोकदार आणि उचललेलं आहे, फोटोत त्यानेच बोट धावती वाटते. पण त्यापायी नांगराची घिरणी आखूड ठेवली आहे. नांगर वर घेताना त्याचं पातं झोका खाऊन नळीला घासतं. आम्ही जुना टायर मध्ये धरला. रोजच्या वापरात वर्षभरात तिथे भोक पडेल. टोक बोथट असतं तर पुढे दोन माणसं आरामात बसली असती, आणि मागून येणाऱ्या लाटेत नाक कमी बुडालं असतं.

अकरा वाजता डेक तापला. सागवानी पट्ट्यांसारखा दिसणारा गडद फोमचा थर घातला आहे, शेडमध्ये सगळ्यांना तोच जास्त आवडला होता. वैशाखात रामकुंडाच्या पायऱ्यांवर अनवाणी उभं राहून बघा, तसं झालं. कन्सोलचा, म्हणजे सुकाणू बसवलेल्या खोक्याचा वरचा भाग चकचकीत पांढरा, त्यावरून ऊन थेट चालवणाऱ्याच्या डोळ्यांत. मॅट राखाडी असता तर काम झालं असतं. उलट कन्सोलच्या बाजूचं दार मला मनापासून आवडलं. आत एक माणूस बसेल एवढी जागा आहे, छोटं शौचालय बसू शकतं, कपडे बदलता येतात. सहा तास समुद्रावर असलेल्या बाईसाठी ही सोय घोड्यासारख्या त्या रुबाबदार सीटपेक्षा मोठी आहे, आणि बोटीची पारख सांगणारे पुरुष तिचा उल्लेखही करत नाहीत.

मुद्दाम दुपारपर्यंत थांबलो. एकच्या पुढे वायव्येकडून खारा वारा उठला आणि तासाभरात तीन फुटांच्या आखूड, उभ्या लाटा झाल्या. परतीचा रस्ता उत्तरेचा, म्हणजे लाट बोटीच्या डाव्या गालावर. २२ नॉटची बोट १२वर आणली. इथे तळाने मन जिंकलं. खोल व्ही लाट कापत उतरतो, आपटत नाही. पाठीला एकही दणका बसला नाही. त्या घोड्यासारख्या सीटवर पाय रोवून बसता येतं, गुडघे धक्का घेतात, तेव्हा तिचंही कौतुक इथेच लिहिते. पण तुषार सगळे अंगावर. वरचं छप्पर सावलीपुरतं, समोरची काच छातीपर्यंत. मोबाइल आणि कोरडे कपडे बंद पिशवीत हवेत.

इंधनाचा हिशोब : सरासरी तासाला २८ लिटर. टाकीचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेला हातचा. परतीच्या लाटांमुळे आमचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा दीडपट लागला. किल कॉर्ड, म्हणजे चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी दोरी, चालवणाऱ्याच्या मांडीला कायम. व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरचं चॅनल, फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४. जून ते ऑगस्ट हा विचारच करू नका.

शेजारच्या बऱ्याच जणांनी विचारलं की, गोदावरीला पूर आल्यावर ही बोट कामाला येईल का. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्याशी पाणी आलं की जुन्या नाशकातल्या गल्ल्यांत काय होतं ते आपण २०१९ मध्ये पाहिलंय. पण ही बोट तिथे नको. हिच्या तळाला आणि पंख्याला मिळून पाऊण मीटर पाणी लागतं, आणि गल्लीत ओटे, दुचाक्या, तारा पाण्याखाली असतात. तिथे सपाट तळाची, हलकी, चौघांनी उचलता येईल अशीच बोट लागते.

रविवारी संध्याकाळी कसाऱ्याच्या पायथ्याशी चहाला थांबलो, प्रत्येक कप्प्याची हवा ०.१८ वर आणली आणि घाट चढलो. रात्री शेडमध्ये गेज लावलं तर ०.२०.

भाऊजींनी विक्रेत्याला कळवलं आहे : बोट घेतो, पण नळ्या फिकट राखाडी, चार पायऱ्यांची शिडी, खालच्या अंगाला दुसरा सैल दोर आणि लांब घिरणी. डेकचा थर काढून खरखरीत फायबरच ठेवा. उत्तर यायचं आहे. तोवर इंजिनातून दहा मिनिटं गोडं पाणी फिरवलं, बागेच्या फवारणीच्या पंपाने नळ्यांवरचं मीठ धुतलं आणि वरून द्राक्षांची शेडनेट टाकली. प्लास्टिकचा कागद टाकू नका, आत वाफ धरते.