मांडवातली माशी

"सर, प्रोसेसर घरी हेडफोनवर लै भारी वाजतो. मांडवात लावला की नुसती माशी घोंघावलालीय. नवा घ्यावा का?"

गणपतीच्या आधी महिनाभर गिटार वाजवणाऱ्यांचा हा प्रश्न माझ्याकडं येत राहतो. कधी फोनवर, कधी गंजगोलाईत चहा पिताना, कधी क्लासच्या दारात चपला घालता घालता. विचारणारा वेगळा, डबा (म्हणजे गिटारचा प्रोसेसर) वेगळा, माशी तीच. परवा तुम्हीही विचारलंत, तेव्हा मी घाईत होतो. "कॅब चालू आहे का बघा" एवढं म्हणून सटकलो. (कॅब म्हणजे डब्यातली स्पीकरची नक्कल.) ते उत्तर अर्धंच होतं. उरलेलं आता सांगतो. त्यातलं मुख्य आधीच सांगून टाकतो: पंचवीस-तीस हजार खिशात राहू द्या.

दुखण्याचं मूळ हेडफोनात आहे, आणि हेडफोनचं मूळ आपल्या गावात. लातुरात वाजवणाऱ्याला मोकळ्या आवाजात वाजवायला मिळतं कुठं? गल्लोगल्ली कोचिंग, घरोघरी वरच्या मजल्यावर नीटची पोरं भाड्यानं. माझ्याच घरात वर सहा आहेत. लातूर पॅटर्ननं डॉक्टर किती घडवले ते मोजणारे पुष्कळ. हेडफोनवर वाढलेले गिटारवाले किती घडवले ते कुणी मोजलं नाही. रात्री अकराला कान झाकून आपण जो आवाज बनवतो, तो त्या हेडफोनपुरता आणि त्या हळू आवाजापुरता बनलेला असतो. मांडवात ना तो हेडफोन असतो, ना तो हळू आवाज.

आता डब्याचं. दुकानदार त्याला मॉडेलर म्हणतात, आमच्या तोंडी अजून प्रोसेसरच. हा डबा ज्याची नक्कल करतो तो ॲम्प आपल्यापैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष ऐकलेलाच नसतो. उदाहरणार्थ फेंडरचा ट्विन रिव्हर्ब म्हणजे बारा इंची दोन स्पीकर, 85 वॅट आणि दोन माणसांनी उचलावं असं धूड. मी तो पहिल्यांदा पुण्यात ऐकला, तेव्हा त्याची नक्कल माझ्याकडं सात वर्षं होती. नुसत्या फोटोवर सात वर्षं संसार केल्यासारखं झालं. 1998 मध्ये लाइन सिक्स कंपनीनं राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा लाल पॉड काढला, तेव्हापासून ही नक्कल सामान्य वाजवणाऱ्याच्या आवाक्यात आली. पुढं फ्रॅक्टलचा डबा आला, केंपरचा आला. केंपरनं खऱ्या ॲम्पमधून चाचणीचे आवाज सोडून त्याचा ठसा उतरवून घ्यायची युक्ती आणली. आता असे ठसे फुकटही मिळतात. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की बहुतेक ठसे ॲम्पच्या बटणांच्या एकाच स्थितीचे असतात. नंतर डब्यावरचं गेन (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) फिरवलं तर खरा ॲम्प जसा बदलतो तसाच हाही बदलेल, याचा भरवसा नाही. हवा तसा दुसरा ठसा शोधणं सोपं.

माशी कुठून येते? डिस्टॉर्शन म्हणजे सुराला हजार फांद्या फुटणं. त्यातल्या वरच्या फांद्या फार कर्कश असतात. गिटार ॲम्पच्या स्पीकरला ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, नसतो. साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर तो धापकन खाली येतो, आणि ती कर्कश करवत तिथंच छाटली जाते. मांडवातल्या टॉपमध्ये, म्हणजे पब्लिकसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरमध्ये, मात्र हॉर्न असतो. गाणाऱ्याच्या 'स' आणि 'श'साठी तो मुद्दाम वरपर्यंत वाजतो. त्यात तुम्ही ॲम्पची नक्कल दिली आणि स्पीकरची नक्कल, म्हणजे कॅब, बंद ठेवली, तर सगळी करवत पब्लिकच्या कानात. म्हणून तो माझा अर्धा सल्ला. कॅब चालू असूनही माशी उरली, तर कॅबच्या पानावर हाय कट (वरचे सूर छाटणारी सेटिंग) असतो, तो 6 किलोहर्ट्झच्या आसपास आणा. हेडफोनवर तेव्हा आवाज मेल्यासारखा वाटेल. वाटू द्या.

उलटाही प्रकार होतो. उदगीरच्या एका पोरानं कॅब चालू ठेवून प्रोसेसर सरळ गिटार ॲम्पच्या इनपुटात घातला आणि "गोधडीतून वाजलालंय" म्हणून रडत आला. नकलेतला स्पीकर आणि खरा स्पीकर, दोन्हींनी मिळून छाटल्यावर उरणार काय? तिथं कॅब बंद करायची. आणि ॲम्पच्या मागं 'रिटर्न' लिहिलेलं भोक असेल तर वायर तिथं घालायची, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा प्रीॲम्प (आवाज घडवणारा पुढचा भाग) मधे लुडबुडत नाही.

दुसरं कारण कानाचं आहे. आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, मधलेच तेवढे नीट पोचतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 सालीच हे आलेखावर मांडून ठेवलंय. म्हणून रात्री अकराला आपण बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड खाली ओढतो आणि स्वतःवरच खूष होतो. तोच पॅच (डब्यात साठवलेली सेटिंग) मांडवात मोठ्यानं वाजला की बेस ढोलकीच्या आणि बेस गिटारच्या अंगावर जातो, ट्रेबल कान फाडतो, आणि जिथं गिटार राहते ते मिड आपणच कापून टाकलेलं असतं. गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झची. त्याच्या खाली तुमचं काही नाही, ते सगळं बेसवाल्याला सोडून द्या.

हे मला पुस्तकातून कळलं तरी पटवलं ते एका बेंजोवाल्यानं. वरातीत गाडीवर बेंजो वाजवणारा माणूस. सेकंडहँड गिटार प्रोसेसर घेऊन आला होता, मधेच शिट्टी मारतो म्हणून. बघितलं तर पहिल्याच पॅचवर हेवी मेटलचं डिस्टॉर्शन. कंपनी दुकानात भाव खायला असेच पॅच पुढं ठेवते. त्यानं ते कमी न करता वर डिले (प्रतिध्वनी) चढवला होता. डिस्टॉर्शन काढलं, कॉम्प्रेसर (आवाजाचे चढ-उतार आवळणारा) हलका ठेवला, डिले 350 मिलिसेकंदांवर आणला. शिट्टी थांबली. मी म्हटलं, "आता हेडफोन लावून बाकीचं जुळवून घ्या." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्याला वरातीत मोजे घालायला सांगितलं.

"हेडफोन कशाला? नवरदेवाच्या कानात हेडफोन असतोय का?"

तो प्रत्येक सीझनच्या आधी गाडी माळावर नेतो, जनरेटर चालू करतो, भोंग्याच्या समोर चाळीस पावलं चालत जातो आणि तिथून पोराला ओरडून बटणं फिरवायला सांगतो. क्लासमध्ये पाच वर्षं मी जे पटवू शकलो नाही, ते या माणसाला कुणी शिकवलंही नव्हतं.

तरीही सगळा दोष आवाजाचा नसतो. अर्ध्या तक्रारी विजेच्या निघतात, आणि यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. औशाच्या पुढं एका गावात कार्यक्रम होता. मैदान शिवाराला लागून, म्हणून लाइन शेतातल्या डीपीवरून ओढलेली. साडेनऊपर्यंत सगळं झकास. सोलोला उभा राहिलो आणि तेवढ्यात शेतीची थ्री फेज आली. शिवारातल्या सगळ्या मोटारींना ऑटोस्विच. पन्नासेक मोटारी एकदम उचलल्या. मांडवातले दिवे खाली बसले आणि माझा डबा गपकन बंद. मग पडद्यावर कंपनीचं नाव सावकाश उगवलं. वीस-पंचवीस सेकंद. स्टेजवर ते किती लांब असतात ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कीबोर्डवाल्यानं माझा सोलो वाजवून टाकला, आणि माझ्यापेक्षा बरा वाजवला.

डबा गेला असं मी धरूनच चाललो होतो. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या मोटार रिवायंडिंगवाल्याकडं मल्टिमीटर मागायला गेलो. मूळ अडॅप्टर जळाल्यावर मी बाजारातून एक जडसा काळा अडॅप्टर घेतला होता, वर 9 व्होल्ट लिहिलेला. मीटर लावला तर 13 दाखवतोय. मी म्हटलं, हा तर जास्तच देतोय! तो हसला. "सर, रिकामा बैल कसाबी पळतोय. गाडीला जुंपून बघा." डबा जोडून मोजलं, बरोबर 9 वर आला. मग त्यानं त्याच्या व्हेरिएकवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायच्या यंत्रावर, लाइन 230 वरून 180 वर उतरवली. काटा 7 वर. डबा गपकन बंद.

तो अडॅप्टर जुन्या पद्धतीचा, आत नुसता ट्रान्सफॉर्मर. लाइन जेवढी खाली येणार तेवढाच तोही खाली येणार. हलका, 100 ते 240 व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस अडॅप्टर घेतला की त्या हद्दीत आपल्याकडची वीज कितीही वर-खाली नाचली तरी तो आपले 9 सोडत नाही. घेताना दोन गोष्टी बघायच्या. अँपिअर: छोट्या डब्याचं अर्ध्यावर भागतं, एचएक्स स्टॉम्पसारख्या डब्याला 3 लागतात. आणि पिनेचं चिन्ह: गिटारच्या डब्यांना बहुधा मधे निगेटिव्ह लागतं. राउटरचा अडॅप्टर सहसा उलटा असतो. एका विद्यार्थ्यानं घाईत तोच घातला. धूर निघाला नाही, आवाजही आला नाही, डबा मात्र परत कधी चालू झाला नाही.

'हूं' असा घुमणारा आवाज येत असेल तर आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. गेला तर तो गिटारमधून येतोय. गिटारचा पिकअप सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) असेल तर जागेवरच थोडं वळा, एका दिशेला तो बारीक होतो. दिव्यांच्या डिमरपासून लांब उभं राहा. व्हॉल्यूम शून्य करूनही राहिला, तर बहुधा डबा आणि मिक्सर दोन वेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगला जोडलेत. माझ्याकडं आलेल्या चारपैकी तीन वेळा डब्याला जोडलेल्या लॅपटॉपचा चार्जर काढल्याबरोबर तो थांबला. नाहीतर डबा आणि मिक्सरच्या मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) लावा आणि त्याचा ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलच्या वायरीतला अर्थ तोडणारं बटण, दाबा. मंडळातला कुणीतरी हुशार पक्कड घेऊन अर्थिंगची तिसरी पिन मोडायला निघतो. त्याचा हात धरा. ओल्या मांडवात, ओठ माईकला आणि बोटं तारेवर असताना, ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

ऑपरेटरशी गोड बोला. "माझा आउटपुट लाइन लेव्हलचा आहे, माईकच्या गेनवर नको" (लाइन लेव्हल म्हणजे माईकपेक्षा जोरदार सिग्नल) एवढं एक वाक्य आधी सांगितलं तर अर्धी भांडणं मिटतात. त्याला पटत नसेल तर बऱ्याच डब्यांत आउटपुट माईक लेव्हलवर आणायची सोय सेटिंगमध्ये असते, ती वापरा आणि गप्प बसा. आणि मोनो द्या. नवरात्रात एकदा माझ्या स्टेरिओ डिलेचा डावा ठोका रस्त्याच्या या बाजूला आणि उजवा त्या बाजूच्या स्पीकरमधून जात होता. मधोमध बसलेल्या पाहुण्यांना सोडून सगळ्यांना अर्धीच गिटार ऐकू आली. पाहुणे भाषणाची चिठ्ठी वाचत होते.

"वाजवलेलं उशिरा ऐकू येतंय" म्हणणाऱ्यांना मी आधी ब्लूटूथचे इयरफोन काढायला लावतो. डब्याला स्वतःला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. आवाजाला हवेतून दीड-दोन हात लांब यायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. ब्लूटूथला त्याच्या कितीतरी पट. आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री फर्मवेअर अपडेट करायचा मोह झाला तर लाइट जाण्याची वेळ आठवा. करायचाच तर कार्यक्रमानंतर, आधी पॅचेसचा बॅकअप काढून, आणि नुसती चार्जिंगची नव्हे तर डेटाची वायर घेऊन. त्या दोन वायरी दिसायला सख्ख्या बहिणी असतात. मी माझ्या डेटाच्या वायरीला लाल दोरा बांधलाय.

एवढं करूनही नवा घ्यावासा वाटला तर घ्या, पैसे तुमचे आहेत. जुन्यात बाहेरचे कॅब घालता येत नसतील किंवा पायाखालची बटणं दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नसतील, तर मीही घेईन. पण आधी माझ्याकडं या. वरची पोरं साडेतीनला क्लासला जातात ती पाचला परततात. त्या दीड तासात मी गच्चीवर मांडवातला एक टॉप लावतो, भाड्याचा असतो, आणि लोक पॅच घेऊन येतात. बहुतेक जण हाय कट उतरवताना तोंड वाकडं करतात, मग पाण्याच्या टाकीपर्यंत मागं जातात, आणि तिथून परत यायला तयार होत नाहीत. गिटार आणा, डबा आणा. अडॅप्टर मात्र स्वतःचा आणा, माझ्याकडचा जास्तीचा बेंजोवाल्यानं नेलाय आणि लग्नसराई संपल्याशिवाय तो देणार नाही.